त्या दोन मिनिटांची साक्ष

आपल्यावर काय बेतले ते आपल्याइतके कुणालाच ठाऊक नसते, असे आपण धरून चालतो. कोर्टात, जमातीच्या बैठकीत, घरातल्या वाटणीच्या भांडणातसुद्धा शेवटी ज्याच्यावर बेतले त्यालाच विचारले जाते, 'तू सांग, काय झालं?' दुखण्याचेही तसेच. पोटात कुठे दुखते हे दुखणाराच सांगतो. दम्याचा रोगी छातीवर हात ठेवून दाखवतो. मिरगीचा मोठा झटका मात्र असा आहे की, ज्याला तो येतो तो त्या वेळी तिथे नसतो. शरीर असते. ते सगळ्यांसमोर पडते, ताठ होते, हातपाय झाडते. वर्गात पन्नास मुले असतील तर पन्नास जणांनी ते पाहिलेले असते. न पाहिलेली व्यक्ती एकच, जिचे ते शरीर आहे ती.

या आजाराचे बरेचसे दुःख एवढ्या एका गोष्टीतून निघते असे मला वाटते. फेफरे, आकडी, फिट, अपस्मार अशी त्याला नावे आहेत. आपल्या घरांत मिरगी म्हणतात. नाव कोणतेही घ्या, रोग्याला आपला रोग दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागतो आणि दुसरा जे सांगेल तेच सत्य होऊन बसते. सब्र करावा की इलाज, तकदीर मानावी की तदबीर, असले प्रश्न आपण नेहमी रोग्याला विचारत आलो. पाहणाऱ्याने काय करावे, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. मला आज तोच विचारायचा आहे.

मला पहिला मोठा झटका १९९६ साली आला. मी अकरावीत, सायन्सला. रसायनशास्त्राचे प्रॅक्टिकल चालू होते. बर्नर पेटवल्याचे आठवते. त्यानंतर आठवते ते थेट छत आणि छतावरचा पंखा. जीभ चावली गेली होती, तोंडात रक्ताची चव होती, सलवार ओली होती, ओढणी अंगावर नव्हती. नाकाशी चामड्याचा वास होता. कुणीतरी चप्पल हुंगवली होती. मुली भिंतीला चिकटून उभ्या होत्या. मधल्या वेळात काय झाले ते मला वर्गमैत्रिणींनी सांगितले आणि प्रत्येकीने वेगळे सांगितले. एक म्हणाली दोन मिनिटे, दुसरी म्हणाली दहा. एक म्हणाली, 'तू पुरुषाच्या आवाजात ओरडलीस.' संध्याकाळपर्यंत मोहल्ल्यात बातमी पोचली ती या शेवटच्या वाक्यासकट: पोरीच्या अंगात कुणीतरी बोलले.

त्या आवाजाचे कारण पुढे एका डॉक्टरांनी अगदी साध्या शब्दांत सांगितले. मेंदूतल्या असंख्य पेशी एरवी आपापल्या लयीत विजेचे बारीक संदेश देतात. झटक्यात त्या एकाच वेळी, एकदम पेटतात. छातीचे आणि पोटाचे स्नायू आवळले जातात, फुप्फुसातली हवा स्वरयंत्रातून जोराने बाहेर फेकली जाते आणि हंबरल्यासारखा आवाज निघतो. त्यात शब्द नसतो, बोलणारा कुणी नसतो. पण हे मला १९९६ साली कोण सांगणार? मोहल्ल्याकडे पन्नास साक्षीदार होते. माझ्याकडे त्या दोन मिनिटांची काहीच आठवण नव्हती. 'मी असे बोलले नाही' हे म्हणायला सुद्धा आपण तिथे हजर असावे लागते.

घरी अम्मीने दार लावून घेतले आणि मला जवळ घेऊन म्हणाली, 'बाहर किसीको बोलना नक्को, बेटा.' यात तिचे प्रेम होते हे मला तेव्हाही कळत होते. माझ्यामागे दोन बहिणी होत्या आणि बिरादरीत एका घरात एका मुलीला मिरगी असल्याचे कळले की तिघींचेही रिश्ते अडतात, हे तिने पाहिलेले होते. वर आणखी एक आधार होता, तो दीनचा. जो आपल्या भावाचे ऐब झाकतो त्याचे ऐब अल्लाह झाकतो, हे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असते. अल्लाहने पडदा ठेवला आहे तर आपण तो का उचलावा?

या तर्काशी मी बरीच वर्षे झगडले, कारण तो खोटा वाटत नव्हता. मग एक गोष्ट लक्षात आली. पडदा टाकण्याचा हुकूम आहे तो ऐबाबद्दल, माणसाच्या हातून झालेल्या गुन्ह्याबद्दल. पोरीला आलेला झटका हा तिचा गुन्हा नाही. तो झाकायला आपण गुन्हा झाकण्याचा नियम लावतो आणि नकळत आजाराला गुन्ह्याच्या रांगेत बसवतो. मुलगी ते बरोबर ओळखते. घरात तिच्यावर कुणी आवाज चढवत नाही, पण पाहुणे आले की तिची गोळ्यांची डबी धान्याच्या कोठीमागे जाते आणि त्या डबीबरोबर आपणही तिथे ठेवले गेलो आहोत हे तिला कळते.

शरीअतने त्या दोन मिनिटांचा काय हिशेब ठेवला आहे ते पाहावे. शुद्ध हरपली की वुजू तुटतो. कपडे ओले झाले असतील तर ते धुवावेत. वुजू पुन्हा करावा, नमाज पढावी. झोपलेल्याकडून जाग येईपर्यंत, मुलाकडून जाणता होईपर्यंत आणि वेड्याकडून भानावर येईपर्यंत कलम उचललेली असते, ही हदीस प्रसिद्ध आहे. ज्या दोन मिनिटांचा जाब वरच्या दरबारात विचारला जाणार नाही, त्यांचा जाब मोहल्ला वर्षानुवर्षे विचारत राहतो.

आता त्या हदीसकडे येते, जी मिरगीच्या रोग्याला हटकून ऐकवली जाते. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती आहे. एक काळी स्त्री पैगंबरांकडे आली. तिने सांगितले की मला मिरगीचे झटके येतात आणि त्यात माझे अंग उघडे पडते, माझ्यासाठी दुआ करा. पैगंबरांनी तिच्यासमोर दोन गोष्टी ठेवल्या. तिची इच्छा असेल तर तिने सब्र करावा, त्याचा मोबदला जन्नत आहे. तिची इच्छा असेल तर तिला आराम पडावा म्हणून ते दुआ करतील. तिने सब्र निवडला, पण मागणे मागितले की माझे अंग तेवढे उघडे पडू नये. पैगंबरांनी तशी दुआ केली.

वाज करणारे मौलाना यातून सब्राचा बोध काढतात आणि पुढे जातात. मी ही हदीस पुष्कळदा ऐकली, पण त्यात तिला विचारले गेले होते यावर कुणी थांबल्याचे मला आठवत नाही. आराम आणि सब्र, दोन्ही तिच्यापुढे ठेवले गेले आणि निवड तिची होती. सब्र हा ज्याचे दुखणे त्याने पत्करायचा असतो. सासू सुनेला, हेडमास्तर विद्यार्थ्याला, जावई सासऱ्याला ज्या सुरात 'सब्र करो' म्हणतो, तो सब्र या हदीसमधला नव्हे. तो फार तर गप्प बसण्याचा सल्ला आहे. आणि इलाजाची वाट आधी मोकळी असल्याशिवाय सब्राची निवड होतेच कशी? जिला गोळी मिळालीच नाही, तिने काय निवडले?

दुसरी गोष्ट तिच्या मागण्याची. तिने आजार लपवावा असे मागितले नाही. ती तर चारचौघांत येऊन आजाराचे नाव घेऊन बोलली. तिला काळजी होती ती फक्त त्या क्षणांची, ज्यात ती स्वतः हजर नसते आणि बाकीचे असतात. मी वर्गाच्या फरशीवर भानावर आले तेव्हा माझा हात पहिल्यांदा ओढणीकडे गेला होता, म्हणून ही बाई मला चौदाशे वर्षांपलीकडची वाटत नाही. झाकायचे काय आणि सांगायचे काय, हे तिला पक्के ठाऊक होते. अंग झाकावे, आजार सांगावा. आपल्याकडे बरोबर उलटे चालते.

तिसरी गोष्ट तर सहसा कुणाच्या ध्यानातच येत नाही. ही हकीकत आपल्यापर्यंत पोचली ती इब्न अब्बास यांच्या तोंडून. त्यांनी आपला शिष्य अता बिन अबी रबाह याला विचारले की तुला एक जन्नती स्त्री दाखवू का, आणि त्या काळ्या बाईकडे बोट करून सगळे सांगितले. म्हणजे पैगंबरांच्या पश्चातही ती लोकांत वावरत होती, तिचा आजार सर्वांना माहीत होता आणि एक मोठा सहाबी तिची ओळख करून देताना आजार आणि जन्नत या दोन्हींची साक्ष एका दमात देत होता. जिन्न, साया, नजर यांतला एकही शब्द त्याने वापरला नाही.

याचा अर्थ आपल्या परंपरेत एकच मत होते असे मी म्हणणार नाही. इब्न सीना यांनी 'अल-कानून'मध्ये मिरगीचा विचार शरीराचा रोग म्हणून केला. त्यांच्याही आधी ग्रीक वैद्यांच्या हिप्पोक्रॅटिस परंपरेत हा 'पवित्र' म्हटला जाणारा रोग इतर रोगांहून वेगळा नाही असे लिहिले गेले होते. दुसरीकडे इब्न अल-कय्यिम यांनी मिरगीचे दोन प्रकार मानले, एक शरीरातून येणारा आणि एक दुष्ट रूहांमुळे होणारा. आपले आमिल आणि बाबा या दुसऱ्या प्रकारावरच दुकान चालवतात, पण पहिला प्रकारही त्याच पानांत मान्य केला आहे हे ते सांगत नाहीत. माझ्या गळ्यातही दोन वर्षे तावीज होता. त्याने अपाय काही झाला नाही. अपाय होतो तो 'आता गोळी बंद करा' या वाक्याने, कारण मिरगीची गोळी एकाएकी सोडली तर एकामागून एक झटके येऊन जिवावर बेतू शकते. दुआ करणाऱ्याने दुआ करावी. गोळी बंद करायला सांगणाऱ्याला घराबाहेर काढावे. बांधून ठेवणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा तर आता महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. ज्यांनी त्यांना तिथे आणून सोडले होते ते बहुतेक जिवाभावाचेच लोक असणार, हे विसरून चालत नाही.

साक्षीला एवढे महत्त्व का, तर निदान तिच्यावर उभे असते. मेंदूचा आलेख काढतात, स्कॅन काढतात, पण झटका नसताना काढलेला आलेख पुष्कळदा सरळ येतो. डॉक्टर खरा आधार घेतात तो पाहणाऱ्याच्या सांगण्याचा. आधी काय हलले? एक बाजू की दोन्ही? डोळे उघडे होते की मिटलेले? किती वेळ? नंतर काय केले? रोगी बिचारा यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही. आमच्या घरी डॉक्टरांना सांगितले गेले ते एवढेच, 'चक्कर आली, पडली.' बाकी सगळे पडद्यात. त्या सांगण्यावरून जी गोळी मिळाली, ती फेनिटॉइन. ती मी दोन वर्षे घेतली. हिरड्या सुजल्या, झटके थांबले नाहीत.

पुढे शहरात शिकायला गेल्यावर वसतिगृहात माझ्या खोलीत एक लातूरकडची मुलगी होती. तिने माझा झटका पाहिला आणि वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवला: सकाळी ६.४०. आधी दोन्ही हात दोनतीनदा उडाले, बादली पडली. मग ओरडली, पडली. डोळे उघडे. दीड मिनिट. मग घोरत झोपली. रात्री अडीचपर्यंत अभ्यास करत होती.

ते पान वाचून नव्या डॉक्टरांनी मला पहिला प्रश्न विचारला, 'सकाळी उठल्यावर हातातून वस्तू उडतात का?' उडत होत्या. चौदाव्या वर्षापासून चहाचे कप माझ्या हातून उडत होते आणि घरी सगळे मला धांदरट म्हणत होते. मिरगीचा हा एक ठरावीक प्रकार आहे. तो किशोरवयात सुरू होतो, सकाळी जाग आल्यावर हात झटकले जातात, जागरण झाले की मोठा झटका येतो आणि औषध बहुधा वर्षानुवर्षे चालू ठेवावे लागते. या प्रकारात फेनिटॉइनसारख्या काही गोळ्या फायद्याऐवजी हे झटके वाढवू शकतात. गोळी बदलली आणि दोन महिन्यांत कप हातात राहू लागले. जगात सुमारे ५ कोटी लोकांना मिरगी आहे आणि योग्य औषध मिळाले तर त्यांतले शंभरात सत्तर जण झटक्यांविना जगू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. माझ्या बाबतीत योग्य औषधापर्यंतची वाट एका परक्या मुलीच्या खऱ्या साक्षीने उघडली.

सूरह बकरामध्ये साक्ष लपवू नका असे बजावले आहे. तिथला संदर्भ कर्जव्यवहाराचा आहे हे मला माहीत आहे. पण पैशाच्या साक्षीला जर इतके वजन, तर ज्याला स्वतःसाठी साक्ष देताच येत नाही अशा माणसाच्या जिवाच्या साक्षीला किती असावे? आणि लपवणे म्हणजे गप्प राहणेच नव्हे. दोन मिनिटांची दहा करणे, आवाजाला पुरुषाचा करणे, हीसुद्धा साक्ष लपवण्याचीच रीत आहे.

विद्यार्थ्याच्या बाबतीत साक्षीदार बहुतेक वेळा शिक्षक असतो. काही मुलांना पडण्याचा झटका येतच नाही. ती बोलता बोलता दहा सेकंद टक लावून बघत राहतात आणि परत जिथल्या तिथे येतात. फळ्यावरची एक ओळ निसटते, मग दुसरी. मास्तर म्हणतात, लक्ष नाही. मूल म्हणते, लक्ष होते. दोघेही खरे बोलत असतात. अशी मुले 'ढ' म्हणून शाळेतून गळतात. आपल्या मुलांच्या गळतीवर सच्चर समितीच्या २००६च्या अहवालापासून पुष्कळ लिहिले गेले. त्या गळालेल्यांत ही मुलेही असणार, आणि ती कुणाच्या हिशेबात नसतात.

कारणांबद्दलही एक सांगून ठेवते, कारण आपल्याकडे त्याविषयी खोटा दिलासा आहे. मेंदूत फीतकृमीच्या अळीची गाठ होणे हे आपल्या देशातले मिरगीचे एक मोठे कारण. हा कृमी डुकराच्या मांसाचा, म्हणून आपला त्याच्याशी संबंध नाही, असे मी सुशिक्षित लोकांच्याही तोंडून ऐकले आहे. गाठ होते ती कृमीची अंडी पोटात गेल्याने आणि ती अंडी माणसाच्या विष्ठेतून पाण्यात, भाजीवर, न धुतलेल्या हातांवर येतात. ज्याने आयुष्यात डुकराचे मांस पाहिलेले नाही त्यालाही हा रोग होतो. त्याची चिकित्सा होते. पण 'आपल्यात हे नसते' म्हणणाऱ्या घरात तपासणीच होत नाही.

रमजानचा महिना या रोग्याची खरी परीक्षा घेतो. उपाशी राहण्यापेक्षा जागरण घातक. तरावीहनंतर झोपायला बारा, सहरीला चार, आणि दुपारची गोळी चुकलेली. आजाऱ्याला रोजे नंतर पुरे करण्याची सवलत कुरआनने दिली आहे, आणि आजार कायमचा असून रोजा झेपतच नसेल तर फिदिया आहे. काहींना डॉक्टर गोळ्यांच्या वेळा सहरी-इफ्तारला बांधून देतात. ते ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांशी बोलावे. पण सवलत अल्लाहने दिली तरी ती घेऊ देणे मोहल्ल्याच्या हातात असते. मी कॉलेजात असताना रमजानच्या दुपारी संडासात जाऊन पाण्याबरोबर गोळी घेत असे. जायज कामाला अशी जागा शोधावी लागणे, यावर खरे म्हणजे एखाद्या जुम्याच्या खुतब्यात बोलले जायला हवे.

लग्नाचा प्रश्न उरतो. १९९९पर्यंत हिंदू विवाह कायद्यात आणि विशेष विवाह कायद्यात वारंवार येणारी मिरगी ही लग्नाला बाधा मानली जात होती. त्या वर्षी दुरुस्ती करून तो शब्द काढला गेला. मुस्लिम स्त्रीला तलाक मागण्याची कारणे देणाऱ्या १९३९च्या कायद्यात मिरगी कधीच नव्हती. कायद्याने आडकाठी नाही, पण सांगावे की नाही हा प्रश्न कायद्याच्या आधीचा आहे. माझे मत असे की गावाला सांगण्याची गरज नाही, पण ज्याच्याशी निकाह व्हायचा आहे त्याला सांगितलेच पाहिजे, आणि मध्यस्थाकरवी नव्हे, स्पष्ट शब्दांत. लपवून लग्न केलेल्या मुली सासरी पहिल्या आठवड्यातच गोळी बंद करतात, डबी कुठे ठेवणार म्हणून. शिवाय मला दिली गेलेली व्हॅल्प्रोएटसारखी गोळी गर्भाला अपाय करू शकते. ती मूल होण्याच्या वयातल्या मुलींना आता शक्यतो टाळतात, आणि आधीपासून चालू असेल तर डॉक्टर वेळेत बदलून देतात. हे सगळे नवऱ्यापासून लपवून कसे व्हायचे?

माझ्या वेळी घरातल्या थोरांनी 'निकाहनंतर बघू' असे ठरवले होते. मी अब्बांना सांगितले की मला त्यांच्याशी बोलायचे आहे, आणि अब्बा नाही म्हणाले नाहीत. बैठकीत अम्मी दाराशी बसून होती. मी माझी फाइल त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती उघडली नाही. झटका आला तर मी काय करायचे, एवढेच विचारले. मी सांगितले: कुशीवर वळवायचे, दाबून धरायचे नाही, तोंडात चमचा-पाणी काही घालायचे नाही, आजूबाजूची धारेची वस्तू बाजूला करायची, घड्याळ बघायचे. आणि ओढणी नीट करायची. त्यांनी खिशातून पेन काढून ते लिहून घेतले, आणि पाच मिनिटांत थांबला नाही तर कुठल्या दवाखान्यात न्यायचे, तेही विचारून खाली लिहिले.